एका गाण्याचे दोन मालक: सिनेमात रेकॉर्डेड गाणं वापरायची परवानगी कशी काढायची

माहितीपट कुस्तीच्या तालमीवरचा होता. पहाटेची वेळ, पोरं हौद्यातली लाल माती उकरतायत, वर एकच पिवळा बल्ब आणि मागे एका जुन्या कॅसेटवरचा पोवाडा. ४२ सेकंद. एडिटरनं तो तुकडा टाइमलाइनवर ठेवला त्या दिवशी आम्ही सगळे जाम खूश होतो. शाहीर हयात नव्हते, म्हणून त्यांच्या मुलाला गाठलं. चहा झाला, जुने फोटो बघून झाले, आणि "बाबांचं नाव येतंय ना, मग झालं" म्हणत त्यांनी एनओसीवर सही करून दिली. पुढे एका महोत्सवात निवड झाली. महोत्सववाल्यांनी म्युझिकचे कागद मागितले आणि तेव्हा उलगडलं की ते रेकॉर्डिंग शाहिरांचं कधी नव्हतंच. ते कॅसेट कंपनीचं होतं, आणि कंपनीनं अख्खा कॅटलॉग केव्हाच दुसऱ्याला विकला होता. नवा मालक मेलला उत्तर देईना. शेवटी पोवाडा काढला आणि तिथे नुसता मातीत फावडं पडल्याचा आवाज राहिला.

चूक माझीच होती. भला माणूस गाठला, पण हक्काचा माणूस गाठला नाही. तेव्हापासून शॉर्टफिल्म किंवा माहितीपट करणारं कुणी गाण्यासाठी फोन करतं, तेव्हा मी एडिटबद्दल काही विचारायच्या आधी एकच गोष्ट विचारतो: दोन्ही मालक माहीत आहेत का?

गाणं वेगळं, रेकॉर्डिंग वेगळं

आपण "गाणं" म्हणतो त्यात १९५७च्या कॉपीराइट कायद्याला तीन वस्तू दिसतात. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि स्टुडिओत टिपलेला आवाज हे ध्वनिमुद्रण. धंद्याच्या भाषेत शब्द आणि चाल मिळून "पब्लिशिंग", आणि ध्वनिमुद्रण म्हणजे "मास्टर". गाणं चित्राला जोडण्याच्या परवानगीला सगळे "सिंक" म्हणतात. हा शब्द कायद्यात शोधू नका, सापडायचा नाही. तिथे आहे तो "त्या कृतीचा चित्रपट करण्याचा हक्क", पण काम तेच.

मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं हवं असेल तर मास्टर आणि पब्लिशिंग, दोन्हीकडून होकार लागतो. दोघांपैकी एकानं नाही म्हटलं की विषय संपला.

हिंदी-मराठी सिनेमातल्या गाण्यांच्या बाबतीत काम त्यातल्या त्यात सोपं असतं, कारण बहुतेक वेळा निर्मात्यानं दोन्ही हक्क एकाच लेबलला, म्हणजे संगीत कंपनीला, विकलेले असतात. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं असं धरलं होतं की निर्मात्यानं पैसे देऊन गीत-संगीत करून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक निर्माताच. २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराला आधार दिला: थिएटरात सिनेमासोबत वाजण्यापलीकडे गाण्याचा जो वापर होईल, त्याच्या रॉयल्टीतला निम्मा वाटा त्यांना सोडून देता येत नाही, कागदावर सही केली तरी. तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच की लेबलशी बोलताना "लेखकांचा वाटा तुमच्या रकमेत धरलाय का?" हे विचारून त्याचं उत्तर लेखी घ्यायचं.

गुंता होतो तो बिगरफिल्मी गाण्यांत. भावगीतं, अभंग, लोकगीतं, लावण्या, कॅसेटच्या जमान्यातले पोवाडे. तिथे करार हातानं लिहिलेले, हरवलेले, किंवा मुळात झालेलेच नाहीत.

"जुनं आहे, चालतं" याचा हिशेब

जुनं म्हणजे किती जुनं, ते बोटांवर मोजता येतं. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६४ साली बाजारात आलेल्या रेकॉर्डचा मास्टरचा हक्क ३१ डिसेंबर २०२४ला संपला. पण त्या रेकॉर्डवर गदिमांचं गीत असेल तर? ते डिसेंबर १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्द ३१ डिसेंबर २०३७पर्यंत बांधलेले. रेकॉर्ड मोकळी, गीत बंद.

उलटंही होतं. तुकोबांचे शब्द कुणाच्याही मालकीचे नाहीत. मात्र त्याच अभंगांना श्रीनिवास खळे यांनी लावलेल्या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत, कारण खळेकाका २०११ साली गेले. "संतांचं आहे, त्याला कसला कॉपीराइट" हे वाक्य मी एडिट रूममध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही, चाल कुणाची ते विचारतो.

आणखी एक बारकावा. बहिणाबाई चौधरी डिसेंबर १९५१ मध्ये वारल्या, पण त्यांची गाणी पुस्तकरूपात आली १९५२ साली. कर्त्याच्या पश्चात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं मृत्यूपासून न मोजता प्रकाशनापासून मोजतात. म्हणून त्या पुस्तकातले शब्द १ जानेवारी २०१३पासून मोकळे. त्यांना नंतर कुणी चाल लावली असेल तर तिचा हिशेब पुन्हा वेगळा.

ही सगळी गणितं भारतापुरती. सिनेमा परदेशी जाणार असेल तर तिथली मुदत तिथल्या कायद्यानं ठरते.

चार समजुती ज्यांनी आजवर बऱ्याच जणांना बुडवलंय

"७ सेकंदांपर्यंत चालतं", काहींच्या मते ३० सेकंद. आपल्या कायद्यात असा कुठलाही आकडा नाही. अगदी क्षुल्लक वापर कोर्टानं माफ केल्याची उदाहरणं आहेत, पण तो कोर्टात उभं राहिल्यावरचा बचाव झाला. महोत्सवाच्या फॉर्मवर तो लिहिता येत नाही.

"श्रेयनामावलीत आभार मानलेत." आभार मानणं हा चांगुलपणा झाला, परवानगी नव्हे.

"टपरीवर रेडिओ वाजत होता, आम्ही काय करणार?" मागे दिसणारं चित्र किंवा पुतळा सिनेमात ओघानं आला तर त्याला कायद्यात सवलत आहे. गाण्याला तशी सवलत नाही. म्हणून शूटिंगच्या वेळी टपरीवाल्याला "दादा, दहा मिनिटं बंद करता का" म्हणणं, हा माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतला सर्वात स्वस्त उपाय आहे.

"लग्नात गाणं लावायला परवानगी लागत नाही." लग्नसमारंभात वाजवण्याला सूट आहे, खरं. पण तेच गाणं लग्नाच्या व्हिडिओवर चढवून फोटोग्राफर आपल्या चॅनलवर टाकतो तेव्हा ती सूट मांडवातच राहिलेली असते. तसंच हॉलवाले कॉपीराइट सोसायट्यांकडून (मालकांच्या वतीनं परवाने देणाऱ्या संस्थांकडून) वाजवण्याचा जो परवाना घेतात तो वाजवण्याचाच असतो. त्यावर गाणं सिनेमात घालता येत नाही.

मालक शोधणं

सुरुवात घरबसल्या करा. स्ट्रीमिंग ॲपवर गाण्याचं श्रेय उघडलं की खाली गोलातला "पी" दिसतो. त्यापुढचं नाव मास्टरच्या मालकाचं, निदान तसा दावा करणाऱ्याचं. यूट्यूबवर लेबलनं चढवलेल्या गाण्याखाली गीतकार-संगीतकारांची नावंही असतात. जुन्या रेकॉर्डचं किंवा कॅसेटचं कव्हर मिळालं तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. त्यावरचा कॅटलॉग नंबर लेबलच्या माणसाला गाण्याच्या नावापेक्षा लवकर कळतो. आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा कोड असतो, प्रत्येक रेकॉर्डिंगचा स्वतंत्र. एकाच गायिकेनं तेच गाणं दोनदा गायलं असेल तर तुम्हाला नेमकं कुठलं हवंय ते यानंच पक्कं होतं.

कंपन्यांची नावं बदलतात. एचएमव्हीच्या रेकॉर्ड काढणारी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया आज सारेगामा आहे. छोट्या कॅसेट कंपन्यांचं काही सांगता येत नाही: काही बंद पडल्या, काहींचे कॅटलॉग दोन-दोनदा विकले गेले. म्हणून समोरचा "हक्क आमच्याकडे आहेत" म्हणाला की "कुणाकडून, कुठल्या कागदानं?" हे विचारायला लाजू नका. खरा मालक या प्रश्नावर रागावत नाही. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस या सोसायटीकडे चौकशी करा. सिंकचा करार शेवटी मालकाशीच होतो, पण कुठल्या कृतीवर कुणाचं नाव आहे याचा माग तिथे लागतो. वारस असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. एका भावाची सही आणि "दुसऱ्याचं काही नाही हो" हे आश्वासन, यावर सिनेमा उभा करू नका.

मालक सापडलाच नाही तर कायद्यात अनिवार्य परवान्याची तरतूद आहे: वर्तमानपत्रात जाहीर सूचना, मग कोर्ट. छोट्या बजेटच्या सिनेमासाठी मी ती वाट कुणाला सुचवत नाही. गाणं बदला.

काय मागायचं ते आधी ठरवा

लेबलला फोन करून "गाणं वापरायचंय, किती घेणार?" विचारलं तर एक तर उत्तर येत नाही किंवा घाबरवणारा आकडा येतो. किंमत गाण्याची नसतेच, वापराची असते. कुठे दाखवणार, किती देशांत, किती वर्षं, किती सेकंद, शब्दांसह की नुसतं वाद्यसंगीत, संवादाखाली दबलेलं की दृश्याच्या पुढ्यात, श्रेयनामावलीवर की ट्रेलरमध्ये. यातलं एक बदललं की आकडा बदलतो. म्हणून दर विचारणाऱ्यांना मी आकडा सांगत नाही; एकाच गाण्याला दोन सिनेमांना मिळालेल्या दरांत जमीन-अस्मानाचा फरक पाहिलाय.

पैसे कमी असतील तर टप्प्यानं मागा. आत्ता फक्त महोत्सवांसाठी, आणि पुढे ओटीटीनं घेतला तर त्याचा दर आजच ठरवून ठेवायचा. हा "आजच" फार महत्त्वाचा. सिनेमा विकला गेल्यावर दर विचारायला गेलात तर समोरच्याला तुमची नड कळलेली असते.

आणि हे सगळं एडिट लॉक व्हायच्या, म्हणजे अंतिम ठरायच्या आधी. एडिटर सोयीसाठी टेम्प ट्रॅक, म्हणजे तात्पुरतं दुसरं संगीत टाकतात, दिग्दर्शक तो तीन महिने ऐकतात आणि मग दुसरं कुठलंच संगीत त्यांना "बसत" नाही. टेम्पवर जीव जडण्याआधी पत्र जायला हवं. माझ्या अनुभवात उत्तर यायला दीड-दोन महिने सहज लागतात, सणासुदीला जास्त.

पत्र

लेबलांना सहसा इंग्रजीत लिहावं लागतं, पण मजकूर साधारण असा ठेवा:

"आमच्या २८ मिनिटांच्या मराठी माहितीपटात अमुक गाण्याची अमुक साली निघालेली मूळ ध्वनिमुद्रिका वापरायची आहे. कॅटलॉग नंबर सोबत जोडला आहे. वापर: ११ मिनिटं ४ सेकंदांपासून ११ मिनिटं ४६ सेकंदांपर्यंत, एकदाच, गायनासह, संवादाखाली. दृश्य: पहाटे तालमीत मुलं माती उकरत आहेत. पहिला टप्पा: महोत्सव, जगभर, २ वर्षं. दुसरा टप्पा: ओटीटी व यूट्यूब, जगभर, कायमस्वरूपी, याचा दरही आत्ताच कळवावा, हा पर्याय आम्ही १८ महिन्यांत वापरू शकू. मास्टर आणि गीत-संगीत हे दोन्ही हक्क आपल्याकडे आहेत का, तेही लेखी कळवावं."

सोबत निर्मात्याचं नाव, सिनेमाचं एकूण बजेट आणि पाच-सहा ओळींचा सारांश. बजेट लपवू नका. लहान सिनेमा आहे हे कळल्यावर दर खाली येण्याची शक्यता असते, वर जाण्याची नसते. दृश्याबद्दल तर मुळीच खोटं लिहू नका. गाण्यावर कुणी दारू पीत असेल, राजकीय मोर्चा असेल, देवळातला प्रसंग असेल तर तसं लिहा. सिनेमा पाहिल्यावर लेबलनं हात वर केले तर तुमच्याकडे बोलायला तोंड राहत नाही.

दोन मालक असतील तर दोघांना एकाच दिवशी पत्र पाठवा. बऱ्याच करारांत "एमएफएन" नावाचं कलम असतं: एका बाजूला जास्त दिलेत तर दुसऱ्या बाजूलाही तेवढेच द्यायचे. पब्लिशिंग १० हजारांत ठरवून तुम्ही निवांत बसलात आणि मास्टरवाल्यानं १५ घेतले, की पब्लिशिंगचेही आपोआप १५ होतात.

करार वाचताना

परवाना लेखीच हवा. आणि इथे कायद्यातली एक तरतूद पाठ करून ठेवण्याजोगी आहे: करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे "वापरायला हरकत नाही" एवढ्या एका ओळीच्या एनओसीवर तुम्ही सिनेमा परदेशी महोत्सवाला पाठवलात, तर तिथे तुमच्याकडे परवानगी नाही. सहाव्या वर्षी तर घरच्या यूट्यूब चॅनलवरही नाही. मराठी सिनेसृष्टीतले निम्मे कागद असल्या एका ओळीचे असतात, अशी माझी दाट शंका आहे.

बाकी बघायच्या गोष्टी: गाणं कापायची, लूप करायची मुभा आहे का. ट्रेलर धरलाय का, कारण तो बहुतेक वेळा वेगळा मोजतात. सबटायटलमध्ये गाण्याचे शब्द इंग्रजीत येणार असतील तर तो अनुवाद झाला, त्याचीही परवानगी याच कागदात घ्या; ही गोष्ट जवळपास सगळे विसरतात. सिनेमा दुसऱ्याला विकला तर परवाना सोबत जाईल, हे वाक्य हवं, नाहीतर ओटीटीवाले घेत नाहीत. हक्क समोरच्याचेच आहेत याची हमी आणि ते खोटं ठरल्यास भरपाई कोण देणार, हे कलम त्यांच्या बाजूनं सही होऊ दे. कॅसेटच्या प्रकरणात माझ्याकडे तेच नव्हतं. श्रेयाचा मजकूर अक्षर न् अक्षर ठरवा. दिलेल्या आकड्यावर जीएसटी वेगळा असतो आणि टीडीएस कापायचा असतो, त्यामुळे सीएला बिल आल्यावर नव्हे, आधीच विचारा.

नाही म्हणाले तर

चाल आणि शब्द मिळतायत पण मास्टर परवडत नाही, असं बऱ्याचदा होतं. मग गाणं नव्यानं गाऊन घ्या. मास्टरचा प्रश्न मिटतो, पब्लिशिंगची परवानगी मात्र लागतेच. कव्हर व्हर्जनसाठी, म्हणजे दुसऱ्यानं नव्यानं गाऊन काढलेल्या रेकॉर्डसाठी, कायद्यात ५ वर्षांनंतरचा वैधानिक परवाना आहे, पण तो नुसत्या ध्वनिमुद्रणासाठी. त्याच्या जोरावर गाणं सिनेमात घालता येत नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे कर्त्यानं ठरावीक खुल्या परवान्याखाली सोडलेलं संगीत फुकट असतं, अटींशिवाय नसतं. अटी आद्याक्षरांत लिहिलेल्या असतात. "एनडी" लिहिलेलं असेल तर व्हिडिओला जोडूच नका: संगीत चित्राशी जुळवणं म्हणजे मूळ कृतीत बदल, असं तो परवानाच सांगतो. "एनसी" असेल तर धंद्याला चालत नाही. "एसए" असेल तर तुमचा सिनेमाही त्याच परवान्यात सोडावा लागेल. सबस्क्रिप्शनच्या लायब्ररींत "रॉयल्टी-फ्री" म्हणजे दर वापराला पैसे नाहीत इतकंच. सबस्क्रिप्शन बंद केल्यावर जुन्या व्हिडिओंचं काय, ते कलम आधी वाचा.

वारीत किंवा गावच्या सप्ताहात टिपलेलं भजन हा मला स्वतःला सर्वात आवडणारा मार्ग आहे. शब्द संतांचे, चाल परंपरेनं आलेली (एखाद्या गाजलेल्या रेकॉर्डवरून उचललेली नाही ना, ते मंडळातल्या जुन्या माणसाला विचारा, तो बरोबर सांगतो), आणि रेकॉर्डिंग तुमचं. मात्र गाणारे-वाजवणारे हे कायद्याच्या लेखी कलाकार आहेत, त्यांची लेखी संमती हवी. मी एक पानाचा मराठी मजकूर छापून नेतो: सिनेमाचं नाव, कशासाठी, कुठे दाखवणार, किती मानधन. खाली वीणेकरी, पखवाजी, टाळकरी, प्रत्येकाच्या नावापुढे सही किंवा अंगठा. फडावर भजन संपून चहा येतो त्या पंधरा मिनिटांत हे होऊन जातं. दुसऱ्या दिवशी दिंडी पुढे गेलेली असते, मग कुणी सापडत नाही.

सिनेमा झाल्यावर

क्यू शीट बनवा. साधा एक्सेल तक्ता: कुठल्या मिनिटाला सुरू, कुठे संपलं, किती सेकंद, गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, मास्टरचा मालक, गाणं दृश्यात वाजतंय की पार्श्वभूमीला, परवान्याची तारीख. ओटीटी, परदेशी चॅनल, सगळे तो मागतात, आणि दोन वर्षांनी मागतात. एडिट ताजं असताना अर्धा तास लागतो. नंतर हार्ड डिस्क शोधण्यात दोन दिवस जातात.

यूट्यूबवर टाकाल तेव्हा परवाना असूनही कंटेंट आयडीचा, म्हणजे गाणी आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम येऊ शकतो. मशीनला तुमचा करार माहीत नसतो. म्हणून अपलोडच्या आधी लेबलला चॅनलची लिंक पाठवून ते व्हाइटलिस्ट करायला, म्हणजे क्लेममधून वगळायला सांगा, आणि तशी ओळ करारातच असेल तर उत्तम. तरीही क्लेम आला तर घाबरून व्हिडिओ काढू नका. डिस्प्यूट टाका, परवान्याचा क्रमांक आणि तारीख लिहा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. त्याच दिवशी लेबलमधल्या ज्या माणसानं करार केला त्याला क्लेमचा स्क्रीनशॉट मेल करा, कारण क्लेम टाकणारा विभाग आणि करार देणारा विभाग बहुतेक वेळा एकमेकांशी बोलत नसतात.

त्या तालमीच्या फिल्मच्या क्यू शीटवर ११ मिनिटं ४ सेकंद या ओळीत मी अजूनही लिहितो: "फावड्याचा आवाज, लोकेशन साउंड, हक्क आमचे."